निघताना दाबायचं बटण

यंत्र निवडायचं काम इंदुताई खोब्रागडेंनी आनंदानं अंगावर घेतलं, कारण कुठलंच यंत्र पसंत करायचं नाही हे त्यांनी आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

झालं असं, की त्यांची मुलगी उर्वशी चंद्रपूरच्या ग्लायडिंग क्लबात तीन वर्षं उडत होती. क्लब म्हणजे गावाबाहेरची एक जुनी धावपट्टी, एक पत्र्याची शेड, दोन ग्लायडर आणि ती दोरानं ओढून वर फेकायला ट्रकच्या इंजिनावर चालणारा एक मोठा रहाट. ग्लायडरला स्वतःचं इंजिन नसतं. उन्हानं तापलेल्या रानावरून हवा वर चढते, ती शोधायची, तिच्यात घारीसारखं गोल गोल फिरत उंची कमवायची आणि पुढं सरकायचं. हवा मिळाली नाही तर खाली जे शेत दिसेल त्यात मुकाट उतरायचं. आजवर उर्वशी धावपट्टीच्या डोक्यावरच घिरट्या घालत होती. आता तिला एकटीनं पन्नास किलोमीटर जायचं होतं, थेट सिंदेवाहीपर्यंत. मध्ये नुसतं जंगल. तिथं मोबाईलला रेंज नाही, वाघांची मात्र काही कमी नाही.

क्लबाचे अध्यक्ष बापूराव हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. मागच्या वर्षी ते स्वतः मूल गावाच्या पलीकडे एका धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उतरले आणि सहा तास कोणाला सापडले नाहीत. गावकऱ्यांनी त्यांना जेवू घातलं आणि त्यांच्याबरोबर शे-दीडशे सेल्फी काढल्या. बापूराव संध्याकाळी एसटीनं घरी पोचले. त्यांना शोधायला गेलेली जीप सापडली दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून त्यांचा नियम असा, की आपण कुठं आहोत हे उपग्रहामार्फत सांगणारं यंत्र जवळ असल्याशिवाय धावपट्टी नजरेआड होऊ द्यायची नाही.

"यंत्र तुमीच निवडा, इंदुबाई," बापूराव म्हणाले. "पोरगी तुमची हाये. अन् तारेतलं तुमच्यावानी इथी कोनाले समजते?"

तारेतलं म्हणजे, इंदुताईंनी पंचवीस वर्षं तार ऑफिसात काढली होती. जन्म, मरण, नोकरी, बदली, सगळं पाच-सात शब्दांत बसवून त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला पोचवलं होतं. तार बंद झाली आणि त्यांचं टेबल बदललं, पण शब्दाकडे बघायची नजर काही बदलली नाही.

घरात दोघीच. उर्वशीला जूनमध्ये पुण्याला नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि एप्रिल संपला की दोन्ही ग्लायडर दुरुस्तीला जाणार होती. म्हणजे सिंदेवाही आत्ता, नाहीतर राहिलीच. इंदुताईंना सरळ 'जाऊ नको' म्हणता येत नव्हतं. सगळा जन्म त्यांनी पोरीला 'कोनाले इचारत बसू नको, कर' हेच शिकवलं होतं, आणि ती नेमकं तेच करत होती. मग दुसरा मार्ग काय? यंत्रात खोड काढत काढत महिना संपवायचा.

बुधवारी नागपूरहून विक्की नावाचा विक्रेता दोन यंत्रं घेऊन आला. इंदुताईंनी पहिलाच डाव टाकला.

"परवाना कुठी हाये? या भागात उपग्रहाचं यंत्र खिशात घालून जंगलात फिरलं तं पोलीस काय आरती ओवाळतीन का?"

विक्कीनं फाईल उघडून परवाना समोर ठेवला. बापूरावांनी वरून पोलिसांचं ना-हरकत पत्र ठेवलं. ते त्यांनी महिनाभर हेलपाटे घालून मिळवलं होतं. इंदुताईंनी दोन्ही कागद उलटेपालटे करून पाहिले, शिक्केसुद्धा तपासले, आणि नाइलाजानं परत केले.

आता यंत्रं. पहिलं मोठं, छोटा पडदा असलेलं. त्यावर इंग्रजी अक्षरं एकेक जुळवून हवा तो निरोप लिहायचा, समोरच्याचा निरोपही त्यावर यायचा. दुसरं साबणाच्या वडीएवढं, मुकं. त्याला तीन बटणं. प्रत्येक बटणाला एकेक निरोप आधीच ठरवून द्यायचा, बटण दाबलं की तो निघाला. बाकी दर दहा मिनिटांनी आपला ठावठिकाणा ते स्वतःच पाठवत राहणार आणि तो नकाशावर ठिपका होऊन उमटणार.

"ताई, बडा वाला ले लो. एकदम टॉप आहे," विक्की म्हणाला.

"पयले परीक्षा," इंदुताई म्हणाल्या.

परीक्षेला त्यांनी हरिदासला निवडलं. हरिदास म्हणजे क्लबाचा हरकाम्या, ट्रॅक्टर चालवायचा, ग्लायडर ढकलायचा, गवत कापायचा. माणूस सोन्यासारखा, पण दहा मिनिटांच्या कामाला गेला की जेवूनच यायचा. त्यानं दोन्ही यंत्रं घेऊन मोटारसायकलनं सिंदेवाहीला जायचं आणि परत यायचं. हरिदासच्या हातात दिलेलं कुठलंही यंत्र नापास होणार याबद्दल इंदुताईंच्या मनात शंका नव्हती. तरी हयगय नको म्हणून त्यांनी आणखी एक पाचर मारून ठेवली.

"मुक्या यंत्रात लिहा," त्यांनी विक्कीला सांगितलं. "पयलं बटन निघताना दाबाचं. निरोप, 'येतो'. दुसरं बटन वापस फिरल्यावर. निरोप, 'येतो'. तिसरं, 'न्यायला या'."

विक्की थबकला. "ताई, पहला और दूसरा तर सेम झाला ना."

"मंग काय 'जातो' लिहू? घरून निघताना 'जातो' म्हन्ते का कोनी? असा अशुभ शब्द आभाळातून पाठवाचा?"

यावर बापूरावांनी मान डोलावली, हरिदासनं डोलावली, आणि नागपूरच्या विक्कीचीही मान आपोआप डोलली. 'जातो' कोण म्हणतं? 'येतो' म्हणूनच तर माणूस उंबरा ओलांडतो. उर्वशीची मान तेवढी हलली नाही. ती आईकडे बघत राहिली.

इंदुताईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. खोटी तार कधीतरी पकडली जाते, पण जिचे दोन अर्थ निघतात ती तार माणसाला वेड लावते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? एकदा असल्याच एका 'येतो'पायी एक अख्खं वऱ्हाड वरोऱ्याच्या स्टेशनावर दिवसभर ताटकळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवाला हरिदास निघाला. शेडमध्ये विक्कीच्या लॅपटॉपभोवती सगळे बसले. मोठ्या यंत्रावरून एकही अक्षर आलं नाही. मुक्यावरून ठिपके मात्र शिस्तीत उमटत होते. सव्वादहाला मूलजवळून पहिला निरोप आला. 'येतो.'

"वापस येऊन राह्यला का?" बापूराव म्हणाले.

"नाही, ठिपका तो आगे जा रहा है," विक्की म्हणाला.

अकराला पुन्हा 'येतो'. ठिपका राजोलीजवळ, रस्ता सोडून आत. साडेअकराला 'येतो'. सव्वाबाराला 'येतो', नवरगावच्या बाजूला. एकला पुन्हा 'येतो'. येतो येतो म्हणत हा माणूस सतत लांबच चालला होता. बापूरावांनी रागारागानं चहाचा कप खाली ठेवला. विक्कीच्या कपाळावर घाम आला. इंदुताईंनी चेहरा लांब केला आणि एक सुस्कारा सोडला.

"असं हाये पाहा. मानूस येऊन राह्यला का जाऊन राह्यला, तेवढंबी या यंत्राले सांगता येत नाई. उद्या पोरगी जंगलात पडली अन् हे 'येतो' म्हणत बसलं, तं आपुन काय कराचं? दोन्ही वापस घेऊन जा, बाबू. पुढच्या महिन्यात दुसरं काही असलं तं पाहू."

विक्की लॅपटॉप मिटायला लागला. उर्वशीनं त्याचा हात धरला.

"थांबा जी. शब्द वाचू नका, ठिपके वाचा." तिनं नकाशा मोठा केला. "हे पाहा, राजोलीत तीन ठिपके एकावर एक हायेत. म्हंजे अर्धा तास एकाच जागी. रस्त्यावर नाई, वस्तीत. अन् 'येतो' आलं ते तिथून उठताना. नवरगावजवळ रत्नापुरात तसंच. हरिदासभाऊ कुठीच हरवले नाई. ते पावनचार घेऊन राह्यले."

चार वाजता हरिदास परतला. तोंडाला पानाचा लाल रंग, चेहऱ्यावर दमल्याचा भाव.

"गाडी पंचर झाली होती, साहेब," त्यानं आल्या आल्या सांगून टाकलं.

"पाच ठिकानी?" उर्वशीनं विचारलं, आणि पाचही ठिकाणं एका दमात म्हणून दाखवली. कुठं किती वेळ बसला तेही सांगितलं. राजोलीच्या घराच्या छपराचा तर तिनं नकाशात पत्राही दाखवला.

हरिदासनं आधी बापूरावांकडे पाहिलं, मग त्या साबणाच्या वडीकडे. मग निमूट पिशवीत हात घालून उरलेल्या लग्नपत्रिका बाहेर काढल्या.

"आमच्या मयुरीचं लगन जमलं जी. म्हटलं, आयतंच त्या बाजूनं जाऊन राह्यलो, तं देऊन टाकाव."

"अन् बटन काऊन दाबत होता सारखं?"

"बाईनंच सांगतलं ना, निघताना दाबजा म्हणून! मी पाच घरून निघालो, पाच खेपा दाबलं. 'येतो' म्हटल्याबिगर कोनाच्या घरून उठाव कसं? बरं दिसते का?" मग त्यानं मोठं यंत्र बॅगेच्या तळातून काढून टेबलावर ठेवलं. "याच्यात मात्र काई लिहिलो नाई. चालत्या गाडीवर कोन अक्षरं जुळवत बसते?"

"अन् माहे तं उडताना दोन्ही हात कामात राह्यतीन," उर्वशी म्हणाली.

बापूरावांना हसता हसता ठसका लागला. विक्कीनं पत्रिका कपाळाला लावून खिशात ठेवली. ज्या यंत्रानं हरिदाससारख्या माणसाला थेट यजमानाच्या ओसरीपर्यंत पकडून दिलं, त्याच्यात आता खोड ती कुठली काढायची? स्वतःच्याच हातानं खणलेल्या खड्ड्यात इंदुताई झोकात उभ्या होत्या. चहाचे कप गोळा करून त्या शेडमागच्या नळावर गेल्या. उर्वशी त्यांच्यामागोमाग आली.

"आई, आपल्या घरी पंचांग हाये का?"

"नाई."

"मांजर आडवी गेली तं तू कधी थांबली का? माह्या जन्माची येळ कोनी इचारली, तं हाकलून लावलं होतं तू त्याले. अन् आज तुले 'जातो' अशुभ वाटून राह्यलं?"

इंदुताई कप विसळत राहिल्या. एकच कप तीनदा विसळून झाला.

"पंचवीस वर्षं तारा वाचल्या तू. एक शब्द दोनदा लिहिला, तो चुकून नाई लिहिला."

"नाई," इंदुताई म्हणाल्या. मग त्यांनी नळ बंद केला. "मले भेव वाटते, उर्वशी. लई भेव वाटते. खाली वाघ हायेत, वर नुसती हवा हाये, अन् मंधात तू. तू शेडवरून फिरतं तवा मी मान वर करून पाह्यतो तं दिसतं तरी. सिंदेवाहीकडे गेली का दिसनारबी नाई. अन् नंतर पुण्याले जाशीन, तवाबी दिसनार नाई."

एवढं बोलून त्या रडल्या. उर्वशीनं आईच्या ओल्या हातांतला कप काढून घेतला. तिनं तो चौथ्यांदा विसळला.

"तू नको म्हन, मी नाई जात," ती शेवटी म्हणाली.

हे मात्र इंदुताईंना अजिबात सहन झालं नाही. "माह्या डोक्यावर कशाले ठेवतं? नाई गेली तं जनमभर मले बोलशीन. चाल!" त्या पदरानं तोंड पुसत तरातरा शेडमध्ये आल्या आणि विक्कीच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. "मुकं यंत्र घेतलं. लिहा. पयलं बटन, 'निघाली'. दुसरं, 'सुखरूप उतरली'. तिसरं, 'न्यायला या'. एका शब्दाचे दोन अर्थ निघाले, तं मी स्वतः वापस करीन."

रविवारी दुपारी आभाळात पांढरे ढग जमले. वर चांगली हवा असल्याची ती खूण. एकाच माणसाला बसता येईल असं ग्लायडर धावपट्टीवर एक पंख जमिनीला टेकवून पडलं होतं. उर्वशी आत बसली, पट्टे आवळले, यंत्र खांद्याजवळ अडकवलं. बापूराव लांब दुसऱ्या टोकाला रहाटावर होते. उडताना पंखाचं टोक कोणीतरी हातात धरून ग्लायडर समतोल ठेवावं लागतं, आणि वेग येईपर्यंत त्याच्याबरोबर चार-सहा पावलं धावावं लागतं. ते काम हरिदासचं. तो वाकून पंख उचलणार, तेवढ्यात इंदुताई पुढं झाल्या. पदर कमरेला खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट.

"सरका, भाऊ. मी धरतो."

"बाई, धावा लागते!"

"मंग धावतो ना. धावाले काय झालं मले?"

पंख हातात आला, तेव्हा त्या चकितच झाल्या. एवढं मोठं धूड, आणि वजन पाण्यानं भरलेल्या कळशीइतकंही लागत नव्हतं. काचेतून उर्वशीनं आईकडे पाहिलं आणि अंगठा वर केला. लांब इंजिन घुमलं, दोर ताणला गेला, ग्लायडर हललं. इंदुताई पंख धरून चालायला लागल्या, मग पळायला लागल्या. चार पावलं, सहा पावलं, आठ.

"सोडा, बाई, सोडा!" मागून हरिदास जिवाच्या आकांतानं ओरडला. "नाई तं तुमीबी जासान सिंदेवाहीले!"

इंदुताईंनी पंख सोडला. पोरगी वर गेली, आणि त्या मात्र हात तसाच पुढं धरून आणखी चार पावलं धावत राहिल्या.