इम्पीचा अर्धा मिलिमीटर

टाउनोनं तीस वर्षं अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात खनिज वाहणाऱ्या बोटींवर स्वयंपाक केला. पण गावात त्याला सगळे कप्तान म्हणत, आणि तोही कधी ती चूक दुरुस्त करत नसे. आपली चूक असली तर मग बोलायलाच नको, हे त्याची बायको इम्पी चांगलं ओळखून होती.

त्या फेब्रुवारीत त्याची शहाऐंशी सालची स्नोमोबिल, बर्फावरची गाडी, रुसली. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, तरी इंजिन नुसतं खोकायचं. शेवटी टाउनोनं गॅरेजमधली लाकडाची शेगडी पेटवली, इंजिन उघडलं आणि दोन्ही पिस्टन काढून जुन्या टॉवेलवर मांडले. बाजू घासून चकचकीत झालेल्या, रिंगा सैल. नवे घेण्यावाचून इलाज नव्हता.

"सोपं काम आहे," तो म्हणाला. "स्टँडर्ड साइजचे मागवायचे आणि बसवायचे. कारखान्यातून आलं तसंच इंजिन आहे हे. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही त्याला!"

इम्पी कॉफी ओतत होती. कॉफी बशीत सांडली.

हात लागला होता. इम्पीचाच. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात टाउनो बोटीवर असताना ही गाडी घेऊन तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, सिल्व्हीनं, जुन्या रेल्वेच्या बांधावर शर्यत लावली होती. इंजिन गरम होऊ न देताच इम्पीनं ते पूर्ण पिळलं आणि दुसऱ्या वळणावर पिस्टन सिलिंडरला चिकटून बसला. सिल्व्हीच्या गाडीला दोर बांधून ती घरी आली. हँकॉक गावच्या लेथवाल्याकडून तिनं दोन्ही सिलिंडर अर्धा मिलिमीटर मोठे करून घेतले, त्या मापाचे पिस्टन बसवले आणि नवरा घरी यायच्या आत गाडी पुसूनसवरून जागेवर ठेवली. पहिल्या वर्षी सांगायची भीती वाटली. पुढं तो जेव्हा तेव्हा, जाईल तिथं त्या न उघडलेल्या इंजिनाचं कौतुक सांगू लागला, आणि फुगा इतका मोठा झाला की त्याला टाचणी लावायला तिचा जीव होईना.

सुट्या भागांच्या दुकानात डार्लीन काउंटरवर होती. "कप्तान, बॉनेटवरचं वर्ष नका सांगू. इंजिनावर कोरलेला नंबर सांगा. एकाच नावाचं इंजिन असतं आणि पिस्टनची पिन एका वर्षी जाड, दुसऱ्या वर्षी बारीक."

टाउनोनं नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला.

"वा! लग्नाची तारीख तरी अशी पाठ आहे का?"

"ती इंजिनावर कोरलेली नाही ना," इम्पी म्हणाली.

"बरं, सिलिंडर मोजलात?" डार्लीननं विचारलं. "वर, मध्ये, खाली?"

"मोजायचं काय त्यात? स्टँडर्ड आहे!"

"मोजून घे रे," इम्पी हळूच म्हणाली. "मोजल्यानं काही झिजत नाही."

"इम्पी, तू वेलदोड्याचा पाव भाज. इंजिन माझ्यावर सोड."

खरं तर पावही टाउनोच जास्त चांगला भाजायचा.

घरी आल्यावर तिनं वेगळी वाट धरली. दोन्ही जुने पिस्टन उचलले आणि भांडी घासायच्या तारेनं त्यांच्या डोक्यावरची काजळी घासून काढली. खालून स्वच्छ आकडा निघाला: ५०. पिस्टन मूळ मापाहून मिलिमीटरच्या जितक्या शतांशांनी मोठा, तो आकडा कारखाने असा डोक्यावर ठोकतात; पन्नास म्हणजे अर्धा मिलिमीटर.

"हे बघ, काहीतरी लिहिलंय."

टाउनोनं चष्मा वर सरकवला. "पन्नास. पन्नासाव्या कामगारानं बनवला असेल."

"त्या कामगारानं दोन्ही बनवले? शेजारच्यावरही पन्नासच आहे."

"कामाचा माणूस दिसतोय!"

इम्पीनं कपाळाला हात लावला.

आठवड्यानं नवे पिस्टन आले. टाउनोनं एक सिलिंडरमध्ये सोडला, तर तो विहिरीत पोहरा पडावा तसा सळकन खाली गेला. त्यानं पुन्हा सोडला. पुन्हा सळकन. "हल्ली सगळं पातळ करून विकतात," तो पुटपुटला. "रिंगा चढवल्या की बसेल घट्ट."

तो खरंच रिंगा चढवायला लागला. असं बसवलं तर पहिल्या दहा मैलांत सगळं खडखडून फुटेल, हे इम्पीला दिसत होतं. तिनं त्याच्या हातातून पिस्टन काढून घेतला.

"टाउनो, पिस्टन पातळ नाही. सिलिंडर मोठा आहे. मी केलाय."

आणि तिनं सगळं सांगितलं: बांध, वळण, दोर, लेथवाला.

टाउनोनं शेगडीत एक ओंडका सारला. मग म्हणाला, "गरम न करताच पिळलंस?"

"हो."

"डिसेंबरात?"

"हो रे बाबा."

त्यापुढचे दोन दिवस तो मांजराशी बोलला. "काही लोकांना दूध मिळेल का, विचार," असं तो मांजराला सांगायचा, आणि इम्पी मांजराला म्हणायची, "फ्रिज कुठं असतो ते कप्तानाला दाखव." सॉनामध्ये, वाफेच्या न्हाणीतही, दोघं एकाच बाकावर दोन टोकांना बसली. तिला वाईट वाटत होतं. इंजिनापेक्षा, लोकांना सांगायची त्याची गोष्ट गेली याचं.

तिसऱ्या दिवशी टाउनोनं आतलं माप घ्यायचा मायक्रोमीटर शोधून काढला. तीन ठिकाणी, आडवं आणि उभं मोजलं, शेगडीच्या वर टांगलेल्या पाटीवर खडूनं आकडे लिहिले आणि मोटार काढली. इम्पी न विचारता शेजारी जाऊन बसली.

"हे परत घे," तो डार्लीनला म्हणाला. "पिन बरोबर आहे, माप चुकलं. सिलिंडर आधीच अर्ध्या मिलिमीटरनं मोठा केलेला आहे आणि आता लंबगोल झालाय. मूळ मापाहून एक मिलिमीटर मोठे पिस्टन दे, दोन्ही. ते आले की त्यांच्या मापानं सिलिंडर कापून, बोअरिंग करून घेतो."

डार्लीननं मान वर केली. "आधीच केलेला? पण या इंजिनाला कुणाचा हात..."

दुकानातली आणखी दोन माणसं वळून बघू लागली. इम्पीनं हातमोजे चाचपायला सुरुवात केली.

"माझ्या बायकोनं जॅम केलं होतं," टाउनो मोठ्यानं म्हणाला. "रेल्वेच्या बांधावर. ताशी सत्तर मैल! तुमच्यापैकी कुणी गेलंय तिथं सत्तरनं?"

कुणी गेलं नव्हतं. खरं म्हणजे इम्पीही पन्नासच्या वर गेली नव्हती, पण तिनं दुरुस्त केलं नाही.

मार्चच्या पहिल्या रविवारी गाडी दुसऱ्याच ओढीला सुरू झाली. टाउनोनं घड्याळ लावून पाच मिनिटं इंजिन गरम होऊ दिलं, हातानं दोन्ही सिलिंडर चाचपले आणि मग मागच्या सीटवर जाऊन बसला. "तू चालव. पण पेट्रोलची पहिली टाकी संपेपर्यंत अर्ध्याच जोरानं. नवे पिस्टन आहेत."

इम्पी अर्ध्या जोरानं निघाली. झाडांच्या मधून, गोठलेल्या ओढ्याच्या कडेनं, सावकाश. दोन मैलांनी मागून तिच्या हेल्मेटवर टकटक झाली.

"झोपलीस का?" टाउनो ओरडला. "थोडं वाढव की!"