टोपलीखालची फरशी

येडशीच्या तेलगिरणीत फरशी राखायचं काम कोंडाबाईचं. तेल सांडलं की आधी राख, मग सोड्याचं कढत पाणी, विटेनं घासणं, शेवटी पुसून कोरडं करणं. "तेलावर नुसतं पाणी म्हंजी मरणाला आवतण," असं ती येईल त्याला ऐकवायची. आणि तीच एकदा, वेळ अमावस्येच्या सणाला शेतात जायच्या घाईत, नुसतं पाणी मारून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा गोरोबा तिथंच घसरला आणि इंजिनाच्या पट्ट्यात सापडून मेला.

गेलेल्याचं पाऊल उमटतं का ते पाहायला, रीतीप्रमाणे दहाव्याला त्या जागी राख पसरून वर टोपली झाकली. सकाळी राखेत पाऊल उमटलेलं. डावं, अंगठा वाकडा. गोरोबाचंच. मग कोंडाबाईनं ती टोपली कुणाला हलवूच दिली नाही. गिरणीमालक शांतलिंगप्पा भल्याभल्यांना दटावणारा, पण त्या पावलापुढं त्याची बोबडी वळली. ती रोज वरून मूठभर राख भुरभुरायची, आणि रोज पाऊल ताजं व्हायचं. तिला त्यात सुख होतं, खोटं कशाला बोला. खालची राख तेल पिऊन लोण्यासारखी झाली, टोपलीबाहेर पसरली, तरी तिनं ती धुतली नाही.

गोरोबाच्या जागी इंजिनावर आता तिचा दीर धुळाप्पा होता. तो दोन दिवस सोनारीला देवाला गेला, तेवढी गिरणी बंद राहिली. तिसऱ्या सकाळी तिनं टोपली उचलली. गोरोबाच्या पावलाशेजारी दुसरं पाऊल होतं. सहा बोटांचं. साऱ्या येडशीत सहा बोटं एकट्या धुळाप्पाला. आणि त्या राखेत जित्या माणसाचं पाऊल उमटत नसतं.

बाहेरून त्याचाच आवाज आला. "वैनी, इंजिन चालू करतो."

"भावजी, दारातच थांबा. आत पाय टाकू नगा."

तिनं चुलीवरचं सोड्याचं पाणी आणून ओतलं, वीट घेतली. सहा बोटं पहिल्या हातालाच गेली. वाकडा अंगठा मात्र जाईना. घासता घासता तिची बोटं सोलली.

"म्याच पाडलं तुमाला," ती म्हणाली, "आन् म्याच धरून बसले. आता जावा. भावजीला नेऊ नगा."

हळूहळू अंगठाही गेला. तिनं फरशी पुसून कोरडी केली आणि धुळाप्पाला आत बोलावलं. तो तिथं उभा राहिला. पाय घसरला नाही.

कोंडाबाईनं फरशीवरून हात फिरवला. तिथं कुणीच नव्हतं. तेरावा होऊन महिना उलटला होता, पण नवरा गेल्याचं तिला त्या सकाळी कळलं, आणि ती मोठ्यानं रडली.