समुद्र नसलेलं नौदल

तीस वर्षं मी साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात मोठ्यांना भूल दिली आणि दर शनिवारी सकाळी मुलांना जागं ठेवून मराठी शिकवलं. दुसरं काम जास्त अवघड होतं. कम्युनिटी हॉलच्या मागच्या खोलीत एके काळी बावीस मुलं बसायची. गेल्या दिवाळीनंतर अन्वी नावाच्या मुलीनेही वर्ग सोडला आणि उरली एकटी सिया, माझी बारा वर्षांची नात.

वर्ग एका मुलीचा असला तरी माझे नियम तेच. वर्गात मी आज्जी नाही, बाई. आधी हजेरी, मग धडा. आणि जो वर्ग सोडेल, त्याच्या नावावर त्याच दिवशी लाल रेघ. पहिली रेघ माझ्याच मुलाच्या नावावर आहे. सुयश, वय वर्षं बारा, कारण फुटबॉल. आता तोच सुयश ब्रॅकनेलहून तासभर गाडी चालवत सियाला माझ्याकडे आणतो.

खरं सांगायचं तर मराठी हे निमित्त. माझा नवरा जयंत गेल्यापासून माझ्यासमोर बसून मराठीत बोलणारं तेवढंच एक माणूस आहे, तेही शनिवारी दहा ते बारा. शुक्रवारी संध्याकाळपासूनच मी घड्याळ बघायला लागते.

मार्चमधल्या, इस्टरच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या शनिवारी सिया हातात मार्कर घेऊनच आत आली. शाळेत स्पॅनिशच्या तासाला प्रत्येकाला एकेक देश निवडायचा होता: नकाशा, इतिहास, राज्यकारभार. स्पेन आणि मेक्सिकोवर उड्या पडल्या, म्हणून हिने बोलिव्हिया घेतला.

"मग इथे मराठीत करून दाखव," मी म्हटलं.

तिने पांढऱ्या फळ्यावर देश काढला. "बोलिव्हियाला दोन कॅपिटल्स आहेत, बाई. सुक्रे ऑफिशियल आहे, पण गव्हर्नमेंट ला पाझमध्ये बसतो."

"बसतं. त्यात काय एवढं? आपलं मुंबईचं सरकारही हिवाळ्यात अधिवेशनाला नागपूरला जातं."

"पण हे जास्त सॅड आहे. आधी त्यांच्याकडे समुद्र होती. मग एटीन सेव्हंटी-नाइनमध्ये चिलीबरोबर वॉर झाला आणि सगळा कोस्ट गेला." तिने चिलीची चिंचोळी पट्टी काढली आणि तिच्या पलीकडे निळा रंग भरायला घेतला. "तरी त्यांच्याकडे अजून नेव्ही आहे! लेकवर प्रॅक्टिस करतात. दर मार्चमध्ये सी डे असतो, शाळेतली मुलं पण मार्च करतात."

मला हसू आवरेना. "समुद्र गेला तो गेला. नौदल कशाला पोसायचं? नाव खोडावं आणि मोकळं व्हावं."

सियाचा हात थांबला. तिने मार्करला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आज्जी," ती म्हणाली, नियम मोडून, "तू माझ्या नावावर पण रेड लाइन ओढणार?"

मग सगळं बाहेर आलं. इस्टरनंतर ब्रॅकनेलला शनिवारी सकाळी स्पॅनिशचा क्लास सुरू होणार होता. कोणी बळजबरी केली नव्हती, तिलाच जायचं होतं. "डॅड म्हणाला फोनवर सांग. मी म्हटलं नाही, आज्जीला समोर सांगणार. मला स्पॅनिश आवडते. पण हे पण आवडते, आज्जी. आय प्रॉमिस."

पोर खरं बोलत होती. मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझा स्वभाव आडवा आला.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

मी हजेरीचं पुस्तक मिटलं. बारा वाजेपर्यंत आम्ही दोघींनी एक धडा वाचला. काय वाचलं, ते विचारू नका.

सुयश न्यायला आला आणि माझा चेहरा बघूनच समजला. त्याने सियाला गाडीत बसायला पाठवलं.

"आई, प्लीज, तिला गिल्टी नको वाटू देऊस."

"तुला वाटलं होतं का?" मी फटकन विचारलं.

तो टेबलावरच्या पुस्तकाकडे बघत राहिला. "फुटबॉलचा सीझन मेमध्ये संपला ना, तेव्हा मला परत यायचं होतं. मी दारापर्यंत आलो पण होतो. तू हजेरी घेत होतीस. माझं नाव घेतलं नाहीस."

बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि आवाज त्या बारा वर्षांच्या मुलाचा. तो गेल्यावर मी खोलीला कुलूप लावलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, मुलं मला सोडून गेली.

इस्टरनंतरच्या पहिल्या शनिवारी मी हॉलवर गेले ती किल्ली परत करायला. केअरटेकर दारातच होता. त्याला म्हटलं, दहा मिनिटं दे.

खोलीत सुट्टीभर कोणी फिरकलंच नव्हतं. फळ्यावर बोलिव्हिया तसाच होता, आणि चिलीपलीकडचा अर्धवट रंगवलेला समुद्र. मी माझ्या खुर्चीत बसले. दहा वाजले. सवयीने पुस्तक उघडलं.

"सिया," मी मोठ्याने म्हटलं.

उत्तर यायला जितका वेळ लागतो तितकी थांबले. दूर बंदरात एका बोटीचा भोंगा वाजला. लाल पेन पर्समध्येच ठेवून मी निळ्याने तिच्या नावापुढे लिहिलं: गैरहजर.

मग कपाटातून तीस वर्षांपूर्वीचं हजेरीचं पुस्तक काढून पहिलं पान उघडलं. ती रेघ काही पुसता येण्यासारखी नव्हती. तिच्याखाली मी सुयशचं नाव पुन्हा लिहिलं आणि तेही मोठ्याने वाचलं. त्याच्याही पुढे लिहिलं, गैरहजर.

बाहेर केअरटेकरने किल्लीसाठी हात पुढे केला. मी ती पर्समध्ये टाकली आणि त्याला सांगितलं, पुढच्या शनिवारी दहा वाजता वर्ग आहे.