आत्याच्या हातचं अंजीर

शिंप्याच्या मागच्या अंगणात शेळी डोळे मिटून अंजीर चघळत होती आणि आत्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. शेळीपुढच्या घमेल्यात आणखी दहा-बारा अंजिरं पडलेली होती. पिशवीचा तुटलेला बंद शिवून घ्यायला आत्या आली होती. पुढचं दार लावलेलं दिसलं म्हणून मागून शिरली, आणि समोर हे!

“शिंपीबुवा!”

आतलं मशीन थांबलं. गळ्यातली टेप सावरत शिंपी बाहेर आला. त्यानं शेळीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“सकाळी काय म्हणालात मला? साखर आहे नुसती साखर, असंच ना?”

“नाही म्हणजे... आत्या, शेळीनं दावं तोडून...”

“दावं बांधलेलं दिसतंय मला. एवढी काही आंधळी नाही झाले अजून.”

यावर शिंप्यानं हसून काहीतरी बोलायला हवं होतं. एरवी तो बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. पण आज त्यानं मान खाली घातली.

तशी ती खरी आत्या एकट्या भाच्याची. पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शिंपीसुद्धा. भावाच्या घरामागे अंजिराची छोटीशी बाग होती, आणि तोडणी वडिलांच्या माघारी तिच्या एकटीच्या हातात होती. अंजीर मोठं हट्टी फळ. पिकतं ते झाडावरच; कच्चं तोडलं की जन्मात पिकत नाही, आणि पिकलेलं दुसऱ्या दिवसापर्यंत दम धरत नाही. म्हणून त्या घरची रीत अशी, की आधी गल्ली आणि मग बाजार. हंगामात प्रत्येक घर रात्री कुंपणाच्या भिंतीवर एक रिकामं भांडं ठेवायचं आणि उजाडता उजाडता आत्या ती भरत जायची. स्वतः तिनं कित्येक वर्षांत अंजीर चाखलं नव्हतं. डॉक्टरांनी गोडाला सक्त बंदी केली होती. तिला त्याचं काही वाटायचं नाही. आपल्या हातून कच्चं फळ कधी कुणाच्या दारी गेलं नाही, या एकाच गोष्टीचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

तिनं घमेल्यातलं एक अंजीर उचललं. बोटांना ते सुपारीसारखं टणक लागलं. फोडलं, तर आत पांढरं, आणि देठातून चीक ओघळला.

“कधीपासून?”

“झाला असेल आठवडा.”

“सगळ्यांकडे?”

“हो.” शिंपी चाचरत म्हणाला, “गल्लीतल्या त्या टपालवाल्यानंच सांगितलं सगळ्यांना, आत्यांना कुणी बोलू नका. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय, जीवाला लावून घेतील म्हणून...”

“म्हणजे माझ्यामागे सभा भरवलीत तुम्ही!”

शिवायची पिशवी काखेतच राहिली आणि ती तरातरा घरी आली.

घरी भाऊ व्हरांड्यात दाढी करत होता. त्यालाही ठाऊक होतं, हे तिला त्याच्या आरशातल्या तोंडावरूनच कळलं.

“अगं, हंगाम संपला की नेणारच होतो तुला डॉक्टरकडे.”

“आणि तोवर काय, गल्लीतल्या शेळ्या पोसायच्या?”

भाच्याची बायको आतून धावत आली. तिला घरात सूनबाई म्हणत. डोळे भरून ती म्हणाली, “माझंच चुकलं, आत्या. चिकानं तुमचे हात सोलून निघतात म्हणून मी ते रबरी हातमोजे आणून दिले. डोळ्यांना रंग नीट दिसत नाही आणि हाताला मऊ-टणक कळत नाही, मग दुसरं काय होणार?”

पोरीनं नेमकं दुखणं सांगितलं होतं. आत्याला तिच्यावर रागावताही येईना.

“मी काय म्हणतो,” भाऊ तोंडावरचा साबण पुसत म्हणाला, “यापुढं तोडू दे ना सूनबाईला. तू आपलं निवांत वाटायचं काम कर.”

“वाटायला काय, टपालवालाही वाटेल!” आत्या कडाडली आणि बागेत निघून गेली.

झाडांमध्ये ती खूप वेळ बसली. तिला रडू आलं, पण ते रागाचं होतं. तिची लाज कुणी काढली नव्हती, उलट सगळ्यांनी मिळून झाकली होती, आणि तेच तिला सोसत नव्हतं. लहान पोरानं मातीचे लाडू करून दिले की मोठी माणसं खोटं खोटं खातात, तसं वागवलं होतं तिला. त्यापेक्षा कुणी तोंडावर चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं हातमोजे खुंटीलाच राहू दिले. सूनबाई टोपली घेऊन मागे आली, तिला आत्यानं नको म्हटलं नाही.

“डोळे मीट,” आत्या म्हणाली.

“मी?”

“तूही मीट. माझ्या डोळ्यांवर विसंबून फजिती झाली, आता तुझ्या डोळ्यांवर कशाला विसंबू? फळाच्या मानेला हात लाव. ताठ आहे का?”

“ताठ आहे.”

“मग सोड त्याला. पिकलेलं मान टाकतं. हे बघ, हे कसं लोंबतंय. बुडाशी दाब. तुझ्या कानाच्या पाळीइतकं मऊ लागलं, की घे.”

सूनबाईनं आधी स्वतःच्या कानाची पाळी दाबून पाहिली, आणि दोघी खुदकन हसल्या. टोपली भरायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. आत्याची बोटं चिकानं चुरचुरत होती, पण बऱ्याच दिवसांनी ती आपल्या कामात होती.

वाटताना मात्र तिनं भिंतीवरची भांडी गुपचूप भरली नाहीत. तिनं एकेक दार वाजवलं. टपालवाला बनियनवरच बाहेर आला.

“आठवडाभर कच्ची दिली मी तुम्हाला,” आत्या सरळ म्हणाली. “ती माझी चूक. तुम्हाला कळलं आणि तुम्ही बोलला नाहीत, ती तुमची. पुन्हा असली दया करायची नाही माझ्यावर. गोड लागलं तर गोड म्हणा, कच्चं लागलं तर कच्चं म्हणा, पण माझ्या समोर म्हणा. खा.”

टपालवाल्यानं तिथेच उंबऱ्यावर खाल्लं. हनुवटीवरून रस ओघळला, तो पुसायचंही त्याला भान राहिलं नाही. पुढच्या दारी तेच, त्याच्या पुढच्याही दारी तेच. भांडी भरत गेली तशी आत्याची पाठ ताठ होत गेली.

शिंप्याचं घर शेवटचं. तो दारात तयारच होता. त्यानं मुकाट्यानं एक अंजीर उचललं, चावा घेतला आणि मध्येच थांबला. आत्याकडे पाहिलं. घसा खाकरला.

“आत्या, हे जरा कच्चं आहे हो.”

मागे टोपली धरून उभी असलेली सूनबाई दचकली. आता इथेच सगळं मुसळ केरात जाणार, असं तिला वाटलं.

“बघू.” आत्यानं ते उष्टं अंजीर हातात घेतलं, त्याची मान वाकवून पाहिली, बुडाशी दाबलं. आठवडाभरात पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या अंजिराबद्दल आपणहून खरं बोललं होतं. तिचा चेहरा उजळला.

“जरा कसलं? चांगलं कच्चं आहे,” ती म्हणाली. ते तिनं टोपलीत टाकलं, दुसरं निवडून शिंप्याच्या हातावर ठेवलं, आणि तो चावा घेईपर्यंत समोरून हलली नाही.

“हं,” ती म्हणाली, “आता बोला.”