बियाण्याचे भोपळे

माझी बायको जयवंता गेली हे मला नदीच्या काठावर कळलं. राखी बांधायला ती भावाकडे गेली होती. तिचा भाऊ बबनराव धाम नदीच्या पलीकडे राहतो, आम्ही अलीकडे, आंजीजवळ. त्या आठवड्यात झड लागली होती आणि रपटा, नदीवरचा तो बुटका पूल, पाण्याखाली होता. सकाळी कोणी सांगत आलं, पलीकडे माणसं उभी आहेत, तुम्हाला हाका मारतात. मी धावलो. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येईना. बबनरावानं तोंडावर उलटा हात मारला, आणि मग मारतच राहिला. बोंब ऐकू आली नाही. हात दिसला.

रात्रीतून ओकारी-हगवण झाली होती, हे मागाहून समजलं. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, तर पायाखालची वाळू सरकली. जन्म नदीकाठी गेला, पण मला पोहता येत नव्हतं. दुपारी पलीकडे धूर दिसला. अग्नी भावानं दिला.

पुढच्या वैशाखात आमची एकुलती मुलगी गोपिका देवळीहून भेटायला आली. तिला पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आता बाई नव्हती. म्हणून ते तिच्या मामीकडे ठरलं, पलीकडच्या गावात, भादव्यात. जाताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी येजा बरं."

आधीच जाऊन मेव्हण्याकडे राहावं, तर भाजीची वाडी आणि बैल कोणावर सोडू? मी शेजारच्या वाडीतल्या तानबाकडे गेलो.

"मले पोहाले शिकव."

"आता? आजा व्हायच्या वयात?"

"त्याच्यासाठीच."

तानबा मग हसला नाही. "वाळले भोपळे घेऊन येजा. पाठीले बांधू."

घरात वाळलेले दुधी भोपळे दोनच होते. जयवंतानं वेलावर असतानाच त्यांच्या देठांना चिंधी बांधली होती, म्हणजे बियाण्याचे आहेत, कोणी तोडू नये. ते वाळल्यावर मीच काढून आढ्याला टांगले होते. चिंधी तशीच होती.

पहिल्या दिवशी तानबा यायच्या आधीच मी ते बांधले. हात मोकळे राहावेत म्हणून कमरेला बांधले आणि वाडीतल्या विहिरीच्या पायरीवरून उतरलो. भोपळे वर आले, त्यांच्यासोबत माझं बूड वर आलं आणि डोकं खाली गेलं. नाकात पाणी, डोळ्यांपुढे हिरवा अंधार, हाताला शेवाळलेला दगड. दगड धरवेना. आता मीही गेलो असं वाटलं. तेवढ्यात तानबानं धोतराला धरून ओढलं.

"काय करून राह्यले, नत्थूजी? पोहून राह्यले का तळ पाहून राह्यले?"

वरून त्याची बायको शोभाबाई वाकून बघत होती. "भाऊजी, बदकही असंच करते. पण थे वापस येते!"

ती दोघं हसली. माझे दात वाजत होते. पायरी सोडायला मला फार वेळ लागला.

त्यानंतर भोपळे पाठीवर, बगलेच्या वर बांधायचो. भीती गेली नाही. पाय टेकेनासे झाले की तीच वाळू सरकल्यासारखी वाटायची. हात मारला की कानामागे भोपळ्यातल्या बिया वाजायच्या. तो आवाज येत राहिला की मी हात मारत राहायचो. जेठ लागेपर्यंत या काठाहून त्या काठाला जाऊ लागलो.

"आता भोपळे सोडा," तानबा म्हणाला.

सोडले, तसे हातपाय लाकडासारखे झाले. मी तानबाच्या गळ्यालाच मिठी मारली. आम्ही दोघंही खाली गेलो. वर आल्यावर तो खोकत, चिडून बोलला, "मले बी घेऊन जाता का? पुरात झाडं वाहत येतात. भोपळा एका ठोकरीत फुटते. बिना भोपळ्यानं जमन तवाच नदीचं नाव घेजा."

मिरग लागला. शोभाबाई वाडीच्या कुंपणाशी आली. "भाऊजी, जयवंताबाईचं बेनं फोडा ना. आंजीच्या बजारात तिच्याच भोपळ्याले गिऱ्हाईक राह्यते. औंदा नाई पेरलं तं थे जात जाईन. काऊन ठेवून राह्यले?"

"फोडतो," मी म्हणालो.

विळा घेऊन बसलो. एक भोपळा मांडीवर घेऊन हलवला. बिया वाजल्या. मग उठलो, दोन्ही पाठीला बांधले आणि विहिरीत उतरलो.

आता आषाढ चालू आहे. रपटा कोरडा होता तोवर गोपिका मामीकडे पोहोचली. परवापासून झड लागली आहे. शोभाबाईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, तिच्या वाफ्यात मात्र तिनं त्या बियांसाठी जागा सोडून ठेवली आहे. भोपळे अजून फोडलेले नाहीत, आणि त्यांच्यावाचून मला विहिरीचा पलीकडचा काठही गाठता आलेला नाही.