समुद्राची गोधडी

पाळणाघरवाल्या मावशी बोलायला गोड होत्या, पण अटीला पक्क्या. "बाकी सगळं मी बघते हो. पण मुलगी दुपारी झोपायला हवी. एक रडायला लागली की सगळी खोली उठते. आठवडाभर बघू, नाहीच जमलं तर तुम्ही दुसरीकडे बघा."

दुसरीकडे कुठे? रजा आज संपत होती, आणि तीसुद्धा साहेबांनी तोंड वाकडं करून वाढवून दिलेली. चिऊला झोपताना आई लागायची. आईच्या गाऊनची कड बोटांत धरून चोळत राहायची, तेव्हा कुठे डोळे मिटायचे. नुसता गाऊन देऊन पाहिला होता. तिने तो झटकून पाहिला आणि फेकून दिला. "यात तू नाहीयेस."

आईशिवाय ती एकदाच झोपली होती. सुट्टीत, समुद्रावर. वाळूत खेळून खेळून बाबाच्या टॉवेलवर आडवी झाली ती थेट संध्याकाळीच उठली. आईने त्या सुट्टीत समुद्र फारसा पाहिलाच नव्हता. चिऊच्या कानात पाणी गेलं का, वाळू तोंडात गेली का, हेच पाहत बसली होती. पण मुलीच्या डोक्यात समुद्र राहिला होता. आईला वाटलं, तो समुद्रच पांघरायला दिला तर?

म्हणून ही गोधडी. आत जुन्या चादरी, वर नवऱ्याचा निळा शर्ट उसवून केलेलं पाणी, पिवळ्या उशीच्या अभ्र्याचा सूर्य आणि लाल मोज्याचा खेकडा. घरात हात फिरवायला जागा नाही म्हणून सगळा पसारा मांडीवर घेऊन ती आठवडाभर जमेल तसे धावदोरे घालत होती. बोटं भोकं पडून चाळणीसारखी झाली होती.

सासूबाई चष्मा सावरत डोकावल्या. "हा समुद्र होय? मला वाटलं, शर्टावर शाई सांडली."

"अहो आई, तुम्ही तरी नका हो..."

"बरं बाई. पण खेकड्याचे पाय कमी पडलेत."

"दमलाय तो. उरलेले पोटाखाली घेऊन बसलाय."

"तुझ्यावरच गेलाय मग," असं म्हणत त्या वळल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, दूध!"

ती ताडकन उठली, तर समुद्रही तिच्याबरोबर उठला. पायात आला, ती धडपडली, दाराची चौकट धरून कशीबशी उभी राहिली. सासूबाईंनी गॅस बंद केला तोवर दूध ओट्यावरून खाली पोचलं होतं. तिने गोधडी ओढून पाहिली. सुटेना. खेकड्यापाशी सुई अस्तरातून आरपार जाऊन थेट तिच्या गाऊनमध्ये गेली होती. हातभर टाके, बारीक, एकसारखे. सगळ्या गोधडीत तेवढेच सुबक आले होते.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिला मात्र रडू येत होतं. उसवायचं म्हणजे सगळी दुपार गेली, आणि पुन्हा घालायला अंगात त्राण कुठे होतं?

चिऊ धावत आली. डोळे विस्फारून पाहतच राहिली. "आजी, आई शिवली गेली!"

"हो बाई. आता उद्या ऑफिसलाही समुद्र घेऊनच जाईल."

"कात्री द्या," ती थकून म्हणाली. टाके न उसवता तिने त्यांच्या कडेकडेने आपला गाऊनच कापला. गुडघ्यावर हे एवढं भगदाड पडलं. गोधडीच्या मागे गाऊनचा फुलाफुलांचा तुकडा चिकटून राहिला. चिऊ अगदी जवळ बसून कात्री पुढे सरकताना पाहत होती, श्वास रोखून.

दुपारी तिने चिऊला खोलीत निजवलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसली. कान दाराकडेच. आता हाक येईल. आता येईल. हातातलं फडकं दुधाच्या वासाचं झालं होतं.

हाक आली नाही. तिने दार हलकेच ढकललं. चिऊ खेकड्याला उलटा करून झोपली होती. फुलाफुलांची कड दोन बोटांत होती, बोटं अजून किंचित हलत होती.

"झोपली?" सासूबाईंनी कुजबुजत विचारलं.

"हो."

"मग रडतेस काय वेड्यासारखी? उद्याचं काम झालं की."

झालंच होतं. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. पण आपण एवढ्याशा चिंधीत मावतो, हे काही तिने धरलं नव्हतं.

"तो गाऊन दे, ठिगळ लावते," सासूबाई म्हणाल्या.

"राहू द्या हो आई," ती म्हणाली, आणि गुडघ्यावरच्या भगदाडावर हात ठेवून तिथेच भिंतीपाशी कलंडली. सासूबाई दुधाचं फडकं तिच्या हातातून काढून घेत होत्या, तोवर तिचा डोळा लागलाही होता.