भात्याच्या खोलीतला वारा

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. माझाच बसत नाही, आणि मी तर तिथे होतो.

असं म्हणून मी न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर बैठक मारली. शेजारी शिंपी आणि पोस्टमन नंबर लावून बसलेले. खुर्चीत एक गिऱ्हाईक, डोळ्यांपर्यंत साबणाचा फेस, बोलायची सोय नाही. मला असेच श्रोते आवडतात.

"काका, मागच्या वेळी तुम्ही माशाच्या पोटातून सायकल काढली होती," न्हावी म्हणाला.

"सायकल नव्हे, सायकलची घंटी. उगाच वाढवून सांगू नकोस."

तर आमच्या चर्चमध्ये एक जुना ऑर्गन आहे. वाजवणारी बाई पुढे बसते, कौतुक तिचं होतं. पण ऑर्गनला लागतो वारा, आणि तो येतो मागच्या खोलीतल्या भात्यातून. भात्याला दोन दांडे. एक खाली गेला की दुसरा वर आला पाहिजे. दोघांनी एकदम दाबले तर ऑर्गन असा किंचाळतो की कबरीतली मंडळी कूस बदलतात. म्हणून एक जण म्हणायचा 'घे', दुसरा म्हणायचा 'दे'. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम मी आणि माझा धाकटा भाऊ करायचो. पुढे विजेची मोटर आली, आम्ही रिटायर झालो.

मग नदीकाठच्या कारखान्याचं प्रकरण निघालं. बंद करा म्हणणाऱ्यांनी छातीवर पिवळी फीत लावली, चालू ठेवा म्हणणाऱ्यांनी जांभळी. माझी पिवळी, कारण त्या धुराने माझ्या नातीचा दमा बळावलेला. धाकट्याची जांभळी, कारण त्याची दोन्ही मुलं तिथेच कामाला. दोन मोर्चे निघाले आणि चौकात आम्ही समोरासमोर आलो. तो म्हणाला, "माझ्या पोरांच्या पोटावर पाय देतोस?" मी म्हणालो, "आणि तू माझ्या नातीच्या छातीवर." झालं. त्या दिवसापासून अबोला. चर्चमध्येही पिवळे डावीकडे, जांभळे उजवीकडे. पाळकसाहेब बिचारे मधल्या रिकाम्या बाकांना उपदेश करायचे.

"आणि तुम्ही?" शिंप्याने विचारलं.

"मी रोज प्रार्थना करायचो. प्रभू, माझ्या भावाला अक्कल दे. तोही माझ्यासाठी तेच मागायचा म्हणे. एकाच घरातून दोन उलटी गाऱ्हाणी, प्रभूने तरी काय करावं? पण माझी एक पंचाईत होती. चर्चमध्ये सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचे. आम्हाला क्षमा कर, इथपर्यंत माझा घसा स्वच्छ. आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे, ही ओळ आली की मला ठसका. दर रविवारी, बरोबर तिथेच."

"डॉक्टरला दाखवायचं," पोस्टमन म्हणाला.

"दाखवलं. तो म्हणाला, छातीत काही नाही. मी म्हणालो, तेच तर दुखणं आहे."

अशात आमच्या भाचीचं लग्न ठरलं. ताईची एकुलती एक मुलगी. लग्नाच्या आदल्या दिवशी दोन मोर्चे एकमेकांत घुसले आणि विजेचा खांब आडवा झाला. पिवळे म्हणाले जांभळ्यांनी पाडला, जांभळे म्हणाले पिवळ्यांनी. खांब काही बोलला नाही. वीज गेली, मोटर बंद, ऑर्गन मुका. दांडे चालवता येणारी माणसं उरली होती दोनच.

ताई माझ्या दारात आली. आतही आली नाही. "तुमच्या दोघांपायी माझ्या पोरीचं लग्न मुकं लागलं, तर मला भाऊ होते हे मी विसरून जाईन," एवढं बोलून ती तशीच धाकट्याच्या घरी गेली. तिथेही हेच बोलली असणार. ताई पाठ केलेलं वाया घालवत नाही.

भात्याची खोली एवढीशी. दोघं आत गेले तर श्वास आळीपाळीने घ्यावा लागतो. मी फीत लावून गेलो. धाकटाही फीत लावून हजर. बाईंनी सूर धरला. आम्हाला बोलायचं नव्हतं, म्हणून दोघांनी एकदम दाबलं. ऑर्गन असा किंचाळला की नवरदेव दाराकडे निघाला होता म्हणतात.

दारात नवरी थांबलेली. आत आम्ही दोघं, जो आधी बोलेल तो हरला. माझ्या डोळ्यांपुढे ताईचा चेहरा आला. मी म्हणालो, "घे." तो भिंतीकडे बघत राहिला. बघतच राहिला. मग म्हणाला, "दे."

घे, दे, घे, दे. भाची चालत आली, आणि काय सूर लागला म्हणून सांगू! छपरावरची कबुतरं रांगेत बसून डोलायला लागली. आमच्या घामाने खोलीत गुडघाभर पाणी साचलं.

"काका..." न्हाव्याने वस्तरा थांबवला.

"बरं, घोट्यापर्यंत."

मग प्रार्थना आली. आम्ही दांडे सोडून उभे राहिलो. ती ओळ जवळ यायला लागली आणि माझ्या घशात खवखव. तेवढ्यात, देवाची करणी बघा, भात्याला भगदाड पडलं! असा वारा सुटला की पाळकसाहेबांचा चष्मा उडाला, मेणबत्त्या विझल्या, आणि सगळ्यांच्या फिती सुटून छपराला जाऊन चिकटल्या. पिवळी कुठली, जांभळी कुठली, कुणाला कळेना. माझीही गेली. मी काही केलं नाही हं. वाऱ्यापुढे म्हाताऱ्याचं काय चालतं?

"खोटं!"

खुर्चीतलं गिऱ्हाईक उसळून उठलं. न्हाव्याने वस्तरा झटकन मागे घेतला म्हणून कान वाचला. टॉवेलने फेस पुसला तसं खालचं तोंड दिसलं, आणि बाकावरच्या दोघांनी ओळखलं: माझा धाकटा.

"साफ खोटं! भाता बंद होता, दादा, वारा कुठून सुटतोय? ती ओळ आली तेव्हा तू खोकला नाहीस. माझ्याकडे बघत अख्खी ओळ म्हणालास, आणि स्वतःच्या हाताने फीत काढून खिशात घातलीस. मी बघितलंय! कारखान्याबद्दल तू आजही चूक आहेस, ते वेगळं. पण माझी फीत काढायला मला पुढचं सगळं गीत लागलं, हे का नाही सांगत लोकांना?"